हिरव्या पुस्तकातलं पुढचं प्रकरण

गुरुजी, आज रविवार आहे, दुपारचे पावणेतीन वाजले आहेत आणि मी तुमच्या हिरव्या पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालत बसलो होतो. काल आश्विन पौर्णिमा झाली, पावसाळ्यातला वर्षावास संपला. आई आतल्या खोलीत विडीची पानं कापते आहे आणि मधूनमधून खोकते आहे. कव्हर अर्धं घालून झालं तेव्हा पानांच्या खालच्या कडेला मला एक गोष्ट दिसली, आणि ती कोणाला सांगावी ते कळेना. आईला सांगता येत नाही, विहारात तर नाहीच. तुम्हाला जाऊन दोन हिवाळे झाले, तरी सांगण्यासारखे तुम्हीच आहात, म्हणून लिहितो. शुद्धलेखन तपासत लिहितो आहे, त्यामुळे वेळ लागेल.

आपलं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी चौथीत होतो. नवीन गावठाणात प्लॉट मिळाले, सरळ रस्ते मिळाले, पण झाड एकही नव्हतं. वारा एका टोकाकडून आत शिरायचा आणि कोणाच्याही अंगणात न थांबता दुसऱ्या टोकाकडून बाहेर जायचा. सामान न्यायला ट्रॅक्टर आला त्या दिवशी लोकांनी पाट्या, कोठ्या, दारांच्या चौकटीसुद्धा उपटून ट्रॉलीत घातल्या, आणि तुम्ही विहारातलं लोखंडी कपाट चढवलं. मोठी आई, म्हणजे आमच्या शेजारची ती कंबरेला चाबी लावणारी म्हातारी, ट्रॉलीवर कोंबड्यांची टोपली धरून बसली होती. ती म्हणाली, "गुर्जी, लोकं कोंबड्या घेऊन चालले, अन् तुम्ही रद्दी घेऊन चालले काय जी?" तुम्ही दोर आवळत म्हणालात, "बाई, कोंबडी परवा खाऊन टाकशील. हे खाऊन संपत नाही." ती म्हणाली, "तं मंग कायच्या कामाचं?" सगळे हसले. तुम्हीही हसलात.

त्या कपाटात काय होतं ते गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. नागपूरच्या फूटपाथवरून, बंद पडलेल्या एका कॉलेजच्या रद्दीतून तुम्ही ती पुस्तकं आणली होती. वरच्या खणात कायद्याची, मधल्या खणात अर्थशास्त्राची, आणि खालच्या खणात तुम्ही ज्यांना 'जगाची' म्हणायचात ती: कोणत्या देशातले लोक कुठून कुठे गेले, कशामुळे गेले, गेल्यावर त्यांच्या घरात, सणात, बोलण्यात काय बदललं. जवळजवळ सगळी इंग्रजी. तुम्ही निवृत्त शिक्षक, वकिलीचं शिक्षण अर्धं राहिलेलं, एकटे राहणारे. मी बारावीला इंग्रजीत राहिलो तेव्हा तुम्ही मला घरी बोलावलंत, स्वयंपाकघरात काळा चहा केलात, स्टोव्हजवळच्या फळीवरून इंग्रजी-मराठी शब्दकोश काढलात आणि म्हणालात, "हे घे, नापास झाल्याचं बक्षीस. पास होणाऱ्याला याची गरज नसते." तोच शब्दकोश आता माझ्या मांडीवर आहे. शहापूरला हायवेवरच्या दुकानात मी लोकांचे अर्ज टाइप करून देतो, तिथेही तो सोबत असतो. माझ्या हातून गेलेल्या अर्जात एक वेलांटी चुकलेली दाखवा, असं मी लोकांना म्हणतो. हा माज तुमच्याकडूनच आला.

वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून विहारात रोज संध्याकाळी वंदनेनंतर धम्मग्रंथाचं वाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, ग्रंथ पूर्ण झाला की खीर होते, आणि सुरू केलेलं वाचन कोणी अर्धं ठेवत नाही. नवीन गावठाणातल्या पहिल्या वर्षी तुम्ही या रिवाजाला एक शेपूट जोडलंत. ग्रंथाची पानं झाली की कपाटातलं एखादं पुस्तक काढायचं. कायद्याच्या पुस्तकातून भूसंपादनाची नोटीस कशी वाचायची ते तुम्ही सांगितलंत. अर्थशास्त्रातून धान कापणीलाच स्वस्त का होतं ते सांगितलंत, आणि मागे बसलेले एक काका म्हणाले, "हे तं आमाले पुस्तकाशिवायच मालूम आहे गुर्जी, उपाय लिहिला असन तं वाचा." मग एका संध्याकाळी खालच्या खणातून हे जाड हिरवं पुस्तक निघालं. पान इंग्रजी, आवाज मराठी. तुम्ही डोळ्यांसमोर धरायचात, एकदा खाकरायचात आणि सांगायला लागायचात, की दूरच्या एका देशात मोठ्या नदीवर धरण झालं आणि एक गाव उठलं.

त्या गावाचं आम्हाला सगळं पाठ होतं. तिथेही घरं एका ओळीत होती. तिथले म्हातारे पहाटे उठून, झोपेतच, जुन्या सवयीने नदीकडे वळायचे आणि भिंतीवर आदळायचे. हे तुम्ही श्रावणात वाचलंत. थंडीत आमच्या ओळीतल्या एका आजोबांना पहाटे लोकांनी उचललं, ते मागच्या भिंतीला कपाळ लावून उभे होते आणि म्हणत होते, "घाट कोठी गेला?" आम्हाला वाटलं, योगायोग. पुढच्या वर्षी त्या देशातल्या विहिरींना लाल पाणी लागलं, आणि उन्हाळ्यात आपल्या बोअरचं पाणी गंजासारखं आलं, भात पिवळा शिजू लागला. त्यानंतर तिथल्या पोरांनी मोबदल्याच्या पैशातून गाड्या घेतल्या आणि रस्त्याने त्यातला एक परत दिला नाही. आपल्याकडे तो कोण होता ते मी लिहीत नाही. त्याची आई अजून संध्याकाळी हायवेच्या बाजूला तोंड करून बसते.

मग चाबीची संध्याकाळ आली. मी तुमच्या जवळच बसलो होतो, दिवे गेले तर टॉर्च धरायला. तुम्ही वाचलंत, की त्या गावात एक म्हातारी होती, तिने घर सोडताना दाराला कुलूप लावलं, चौकटही उपटू दिली नाही, आणि चाबी कंबरेला बांधून नवीन घरात आली. खाली बायकांत हालचाल झाली. मोठी आई उभी राहिली. तिचा हात कंबरेवर होता. "गुर्जी," ती म्हणाली, "माह्या कंबरेची चाबी त्या देशात कशी गेली जी?" कोणी हसलं नाही. तुम्ही पुस्तकातून डोळे न काढता म्हणालात, "बाई, घर सोडणारे जगात सगळीकडे आहेत. कुलूपही सगळीकडे आहे." "मंग तिचं काय झालं?" "ते उद्या येते." दुसऱ्या दिवशी तुम्ही वाचलंत, की उन्हाळ्यात पाणी उतरलं, गावाची जोती उघडी पडली, तेव्हा ती म्हातारी पाण्याकाठी गेली आणि चाबी पाण्याला देऊन आली. पुढचं वाक्य तुम्ही हळू वाचलंत. पुढच्याच उन्हाळ्यात मोठी आई गेली. मासे मारणारे लोक तिला घेऊन आले. कंबरेला नुसती सुतळी होती.

त्यानंतरच्या वर्षावासात बायका तुमच्याकडे आल्या. मला सगळ्यात जास्त आठवते ती त्यांची लाज. आपल्या आज्यांनी छप्पन साली, दीक्षा घेतल्यावर, घरातले देव नेऊन नदीत सोडले होते, आणि आता त्यांच्या सुना एका इंग्रजी पुस्तकाला भिऊन दारात उभ्या होत्या. एक म्हणाली, "आपण असलं काही मानत नाही गुर्जी, हे मालूम आहे. पण तुम्ही वाचता अन् इथं होते." तुम्ही म्हणालात, "पुस्तक घडवत नाही. पुस्तक पाहते." "मंग त्याले पाहू नका देऊ ना. थोडे दिवस डोळे मिटून राहू द्या." तुम्ही पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलंत. मग म्हणालात, "एकच प्रकरण राहिलं आहे." आणि ते तुम्ही वाचलं नाहीत. अर्धा ग्रंथ ठेवायचा नाही हे सांगणारे तुम्ही, तुम्हीच त्यात पळसाचं वाळलेलं पान घालून तो मिटलात. त्या वर्षी खीर झाली, पण ती ग्रंथाची. हिरव्या पुस्तकाची खीर आजवर झालेली नाही.

राहिलेल्या प्रकरणात कोण होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्या गावात पानं वळणारी एक बाई होती. पानात तंबाखू भरता भरता तिच्या छातीत ती पूड बसली होती आणि ती रात्रंदिवस खोकायची. दोन-तीनदा ती गोष्टीत येऊन गेली होती आणि दर वेळी तुम्ही म्हणाला होतात, "हिचं पुढे येते." माझी आई त्या वेळी विहाराच्या खांबाला टेकून बसलेली असायची. तिने कधी काही विचारलं नाही. फक्त घरी आल्यावर एकदा, विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता, मला म्हणाली, "बाबू, त्या बाईचं काय झालं ते तुले गुर्जीनं सांगितलं काय?" मी नाही म्हणालो. "इचारजो एखांदवेळी. मले समजलेलं बरं." मी विचारलं नाही. एकदाच मी तुम्हाला त्या देशाचं नाव विचारलं होतं, आणि तुम्ही माझ्यावर कधी नव्हे ते चिडलात. "नाव कळलं की लोक म्हणतात, ते तिकडचं आहे," तुम्ही म्हणालात, "मग कोणी ऐकत नाही."

तुम्ही गेल्यावर कपाटाची चाबी माझ्याकडे आली, कारण गावात पुस्तकाची पाठ सरळ ठेवणारा मीच. दोन वर्षावास मी नुसता ग्रंथ वाचला. यंदा आषाढीच्या आधी विहाराच्या बैठकीत तेच काका बोलले, "हिरवं पुस्तक पूर्ण करून टाक बापा. अर्धं राहिलं म्हणून तं हे सगळं गावात बसून आहे. एकदाचं काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, अन् खीर शिजू दे." जे गाव थांबवा म्हणत होतं तेच आता संपवा म्हणत होतं. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "वाच."

म्हणून मी तयारीला बसलो. पळसाचं पान जिथे होतं तिथून शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावायला लागलो. पहिल्या पानाला तीन दिवस गेले आणि त्यात धरण आलं नाही. मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं, नदीला काही वेगळा शब्द असेल. मागे गेलो. तुम्ही रोज थांबायचात तिथे समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका केलेला आहे. चाबीच्या संध्याकाळचा ठिपका मी शोधून काढला. त्या पानावर कोर्टाने मजुरीबद्दल दिलेल्या निकालांची चर्चा आहे. चाबी नाही, म्हातारी नाही, उन्हाळा नाही.

लाखनीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, त्यांचे पेपर मी टाइप करतो. एका रविवारी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांच्याकडे नेलं. ट्रकच्या आवाजामुळे त्यांनी खिडकी लावली, अनुक्रमणिका पाहिली, शेवटची सूची बोटाने वरून खाली पाहिली. म्हणाले, "चांगलं पुस्तक आहे. मजुरी, कामगार कायदे, व्यापाराचे करार. देशादेशांची तुलना आहे. काय पाहिजे होतं तुम्हाला?"

"सर, यात एक धरण आहे."

"धरण नाही भाऊ."

"नदी?"

"नदीही नाही. गावच नाही यात. सगळे कारखाने आहेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या गुरुजींनी सहा-सात वर्षं वाचून दाखवलं."

ते हसले. वाईट नाही हसले. "मग पुस्तक तुमचे गुरुजीच होते," म्हणाले, आणि चहा मागवला. मी पुस्तक परत पिशवीत गुंडाळलं.

परत आल्यावर मी कपाटातली सगळी पुस्तकं उतरवून पाहिली. वाटलं, दुसरं एखादं हिरवं असेल, तुम्ही कव्हर बदललं असेल. काही नव्हतं. मग मला एक गोष्ट आठवली, जी मी टॉर्च धरून बसलेला असताना रोज पाहत होतो आणि पाहत नव्हतो. वाचणाऱ्या माणसाचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात. तुमचे सरकत नव्हते. विहिरीत वाकून आत काय पडलं आहे ते पाहावं तसे तुम्ही पानाकडे पाहत होतात. तुम्ही आम्हाला फसवत होतात असं मला वाटत नाही, गुरुजी. कपाटातली सगळी पुस्तकं वाचलेल्या माणसाला उठलेल्या गावाचं पुढे काय होतं हे कळत असेल, आणि आपलंच नाव घेऊन सांगितलं तर कोणी ऐकणार नाही म्हणून त्याने देश दूरचा केला असेल. लाखनीच्या सरांना विचारलं तर तेही हेच सांगतील. मीही स्वतःला हेच सांगत होतो, कालपर्यंत. पण भिंतीला कपाळ लावलेले आजोबा कोणत्या अर्थशास्त्रात आहेत?

आईला मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, की मग त्या बाईचं गुर्जीलेच मालूम होतं, अन् त्यायनं काहून नाही सांगितलं. मी ठरवलं, की शेवटच्या संध्याकाळी आपणच सांगायचं. त्या बाईला बरं करायचं. मी आठवडाभर मनात वाक्यं जुळवली: गावात दवाखाना झाला, पोराला नोकरी लागली, तिने पानं वळणं सोडलं, तिने अंगणात कडूनिंब लावला. अर्ज लिहितो तशी साधी, नीट वाक्यं. कुठे फट राहणार नाही अशी.

काल विहार भरला होता. बाहेर चुलीवर दुधाचं पातेलं चढलं होतं, तांदूळ धुऊन ठेवले होते. आई नेहमीच्या खांबाला. ग्रंथाची शेवटची पानं झाली, मी हिरवं पुस्तक उघडलं आणि खाकरलो. तो खाकरण्याचा आवाज तुमचा होता. पुढच्या रांगेतल्या एका पोरीने आपल्या आईचा पदर धरला, म्हणजे तो एकट्या मलाच ऐकू आला नव्हता. मी म्हणालो, "त्या गावात पानं वळणारी बाई होती." इथपर्यंत ठरल्याप्रमाणे. पुढे मला दवाखाना म्हणायचा होता. मी म्हणालो, "त्या वर्षी पाणी फार उतरलं." हे मी जुळवलेलं नव्हतं. मी पानाकडे पाहिलं, अक्षरं जागच्या जागी होती, मजुरी, कोर्ट, करार, आणि माझं तोंड सांगत होतं, की जुन्या विहाराचं जोतं उघडं पडलं, चिंचेचं खोड दिसलं, आणि ती बाई कात्री खाली ठेवून उठली. पान उलटलं. आणखी एक उलटलं. आई खोकायची थांबली होती. आणि मग पुढचं वाक्य माझ्या घशाशी आलं, पूर्ण, स्वच्छ, एकही काना इकडेतिकडे नसलेलं, आणि ते काय आहे हे मला कळलं.

मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "बाकी पुढच्या वर्षी."

मग काका म्हणाले, "अरे, दूध चढलं आहे ना बापा." कोणीतरी म्हणालं, "चहा करा त्याचा." आणि खरंच चहाच केला, इतक्या दुधाचा दाट चहा गावाने कधी प्यायला नसेल. पोरं खिरीसाठी रडली. ग्रंथाची खीर तरी करायची होती, पण कोणाला आठवलंच नाही. जाताना एका बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. घरी येताना आई माझ्यापुढे चालत होती. ती मागे न पाहता म्हणाली, "गुर्जी बी इथंच थांबले होते, नाही?" मी हो म्हणालो. "मंग बरोबर थांबले," ती म्हणाली आणि खोकली.

तुम्ही बायकांना भिऊन थांबलात असं मी इतकी वर्षं समजत होतो. काल समजलं, वाक्य तुमच्याही घशाशी आलं होतं. तुम्ही ते जिच्यासाठी गिळलंत ती खांबाला टेकून बसलेली असायची, आणि टॉर्च धरून तुमच्या शेजारी तिचा मुलगा.

आता पानांच्या कडेचं. पुस्तकाच्या खालच्या कडेला ओल लागल्याची तपकिरी रेघ आहे, ती मी पूर्वीच पाहिली होती. पहिल्या पानापासून ती पळसाच्या पानापर्यंत होती, पुढची पानं स्वच्छ, कोरडी. विहाराचं छत गळतं, मी मनाशी म्हणायचो, कपाटात पाणी गेलं असेल. पण आषाढापासून पुस्तक माझ्याकडे आहे, प्लास्टिकमध्ये, पत्र्याच्या पेटीत. आज कव्हर घालताना पाहिलं तर रेघ पुढे सरकली आहे. काल मी उलटलेली पानं खाली ओली आहेत आणि त्यांना गाळाचा वास येतो, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जुन्या गावाला येतो तसा. जिथे मी मिटलं तिथे रेघ थांबली आहे.

हे पत्र मी पुस्तकातच ठेवणार आहे, पळसाचं पान होतं तिथे. ते कुठे पाठवण्यासारखं नाही, आणि तुम्हाला पोचायचंच असेल तर तिथून लवकर पोचेल. पुढच्या आषाढीला लोक पुन्हा विचारतील. मी पुन्हा दोन पानं वाचीन आणि मिटून ठेवीन, कधी एक, कधी अर्धं. पुस्तक जाड आहे. जपून वाचलं तर आईला पुरेल.

मी शेवटपासून वाचत पत्र तपासलं, चूक सापडली नाही. फक्त एक गोष्ट कबूल करतो. कालचं ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं, तुम्हाला तरी सांगावं म्हणून हे लिहायला बसलो होतो, आणि इतकं लिहूनही ते मी लिहिलेलं नाही. आत आई खोकते आहे. मी पेन खाली ठेवतो.